प्रेषितांची कृत्ये: कोणती गोष्ट आपल्यासाठी, आणि कशी?

यहूदा इस्कर्योताच्या जागी बारावा प्रेषित निवडायचा होता. यरुशलेमात जमलेल्या सुमारे १२० जणांनी योसेफ बर्सबा आणि मत्थिया अशी दोन नावं पुढे केली, प्रार्थना केली आणि चिठ्ठ्या टाकल्या. मत्थियाचं नाव निघालं. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात हे लिहिलं आहे. मग आपण पाळक किंवा वडील निवडताना चिठ्ठ्या का टाकत नाही? इजिप्तमधली कॉप्टिक मंडळी आपला प्रमुख, म्हणजे पोप, निवडताना शेवटच्या टप्प्यावर खरोखर तसं करते. तीन नावांच्या चिठ्ठ्या ठेवतात आणि डोळे बांधलेला एक मुलगा त्यातली एक उचलतो. २०१२ साली पोप तवाद्रोस दुसरे असेच निवडले गेले. बाकी बहुतेक मंडळ्या असं काही करत नाहीत, आणि आपण शास्त्र मोडतो आहोत असंही कुणाला वाटत नाही.

दुसऱ्या अध्यायातलं भाकर मोडणं आणि प्रार्थना मात्र आपल्यासाठीच आहेत, याबद्दल आपल्याला शंका नसते. त्याच अध्यायात, तीनच वचनं पुढे, लोक जमीनजुमला विकून गरजूंना वाटतात. तिथे आलो की आवाज जरा खाली येतो आणि ‘ते त्या काळचं’ असं म्हणून आपण पुढे सरकतो. खरं सांगायचं तर हा निवाडा बहुतेक वेळा सवय करते. जे आपण आधीपासून करतो त्याला आधार सापडला की ती शिकवण ठरते, आणि जे अंगावर येतं तो इतिहास ठरतो. पहिल्या मंडळीच्या गोष्टींमधून प्रामाणिकपणे काही घ्यायचं असेल तर याहून बरी पद्धत हवी.

लूक नियमांचं पुस्तक लिहीत नव्हता

सुरुवात पुस्तकाच्या स्वरूपापासून करू. ‘कृत्ये’ हा लूकच्या लिखाणाचा दुसरा भाग. पहिला भाग म्हणजे त्याचं शुभवर्तमान, आणि दोन्ही भाग थियफिल नावाच्या व्यक्तीला उद्देशून लिहिलेले. २८ अध्यायांत साधारण ३० वर्षांचा काळ येतो आणि कथा यरुशलेमात सुरू होऊन रोमला पोचते. सोळाव्या अध्यायात त्रोवस सोडताना लेखक अचानक ‘ते’ ऐवजी ‘आम्ही’ लिहू लागतो, म्हणजे काही प्रवास त्याने स्वतः केलेले दिसतात.

लूक गोष्ट सांगतो, आणि गोष्ट सांगणारा दर पानावर ‘हे चांगलं, हे वाईट’ असा शिक्का मारत बसत नाही. प्रेषित पौल आपल्या पत्रात ‘एकमेकांचं ओझं वाहा’ असं लिहितो तेव्हा ती सरळ आज्ञा असते. लूक ‘त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या’ असं लिहितो तेव्हा एक घटना घडली एवढंच आपल्याला कळतं. तिच्यातून आपण काय करावं हे त्या एका वाक्यातून निघत नाही. त्यासाठी आजूबाजूला पाहावं लागतं. ही गोष्ट पुन्हा घडते का? घडते तेव्हा त्याच पद्धतीने घडते का? लूक तिचं फळ काय दाखवतो? बाकीच्या नव्या करारात तीच गोष्ट शिकवण म्हणून येते का? चिठ्ठ्यांपुरतं उत्तर सोपं आहे. पेन्टेकॉस्टच्या दिवशी पवित्र आत्मा उतरला, आणि त्यानंतर संपूर्ण पुस्तकात कुणी चिठ्ठी टाकत नाही.

सगळीकडे उत्तर इतकं सोपं नसतं. पवित्र आत्मा कधी मिळतो, या प्रश्नावरून मंडळ्यांमध्ये किती वाद झाले आहेत! आणि प्रत्येक बाजूचा आधार हेच पुस्तक. दुसऱ्या अध्यायात पेत्र म्हणतो, पश्चात्ताप करा, बाप्तिस्मा घ्या, म्हणजे आत्म्याचं दान मिळेल. आठव्यात शोमरोनातल्या लोकांचा बाप्तिस्मा होऊनही आत्मा उतरलेला नसतो. पेत्र आणि योहान यरुशलेमहून येऊन हात ठेवतात, तेव्हा तो उतरतो. दहाव्यात कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरी पेत्राचं बोलणं संपण्याआधीच आत्मा येतो आणि बाप्तिस्मा मागाहून होतो. एकोणिसाव्यात इफिस इथे योहानाचा (प्रेषित योहान नव्हे, बाप्तिस्मा करणारा योहान) बाप्तिस्मा घेतलेले बाराएक जण भेटतात. त्यांना येशूच्या नावाने बाप्तिस्मा मिळतो, मग पौल हात ठेवतो, मग आत्मा येतो.

यातला कुठलाही एक क्रम उचलून सूत्र केलं, तर उरलेले प्रसंग त्या सूत्राच्या विरोधात उभे राहतात. लूकला क्रम शिकवायचा असता तर त्याने इतके वेगवेगळे क्रम शेजारी ठेवले नसते. मग तो काय दाखवतोय? हे प्रसंग कुठे घडतात ते पाहा: यरुशलेमातले यहूदी, ज्यांच्याशी यहूद्यांचं पटत नसे ते शोमरोनी, रोमी सैन्यातला शताधिपती, आणि योहानाच्या शिकवणीपाशी थांबून राहिलेले लोक. दर वेळी एक कुंपण ओलांडलं जातं आणि दर वेळी देव त्यावर आपली खूण उमटवतो. पुस्तकाचा विषय हा आहे, आणि पहिल्या अध्यायाच्या आठव्या वचनात येशूने तो सांगूनही ठेवला होता: यरुशलेम, यहूदिया, शोमरोन, पृथ्वीची शेवटली सीमा.

पैसे आणि खोटेपणा

आता त्या अवघड गोष्टीकडे येऊ. चौथ्या अध्यायाच्या शेवटी कुप्र बेटाचा एक लेवी, योसेफ, ज्याला प्रेषित बर्णबा म्हणत, आपलं शेत विकतो आणि पैसे प्रेषितांच्या पायांशी ठेवतो. लगेच पुढे हनन्या आणि सप्पीरा हे जोडपं येतं. तेही जमीन विकतात, काही पैसे मागे ठेवतात आणि उरलेले सगळे म्हणून आणून देतात. दोघेही त्याच दिवशी मरण पावतात. ही गोष्ट वाचून अनेकांना वाटतं की देवाने त्यांना पैसे राखून ठेवल्याची शिक्षा केली.

पेत्राचं बोलणं नीट वाचा. तो विचारतो, जमीन विकण्याआधी ती तुझीच नव्हती का? विकल्यावर रक्कम तुझ्याच हाती नव्हती का? म्हणजे देण्याची सक्ती नव्हती, अर्धं द्यायलाही हरकत नव्हती. त्यांना बर्णबाला मिळालेलं नाव हवं होतं, त्याने मोजलेली किंमत नको होती, आणि त्यासाठी ते मंडळीपुढे व देवापुढे खोटं वागले. बाराव्या अध्यायात योहान मार्काची आई मरिया हिचं घर येतं. ते बाहेरच्या दरवाजाचं, पुष्कळ लोक मावतील एवढं मोठं घर आहे, घरात दासी आहे. तिने ते विकलं नव्हतं, आणि लूकला त्यात काही खटकत नाही. त्याच घरात मंडळी प्रार्थनेला जमत होती.

म्हणजे सर्वांनी सगळं विकावं असा नियम इथून निघत नाही. पण सुटलो म्हणून इथेच पुस्तक मिटणं मला चुकीचं वाटतं. लूक आवर्जून लिहितो की त्यांच्यात कोणी गरजू राहिला नव्हता. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात देवाने इस्राएलापुढे ठेवलेलं चित्र हेच होतं: तुझ्यात कोणी दरिद्री नसावा. पद्धत ऐच्छिक होती, तिचा परिणाम मात्र अगदी ठोस होता. मालमत्ता ठेवायला परवानगी आहे का, हा प्रश्न आपण फार हौसेने सोडवतो. आपल्या मंडळीत कोणी गरजू आहे का, हे विचारायला तेवढा उत्साह नसतो. लूकच्या गोष्टीत दुसऱ्या प्रश्नावर भर आहे.

विधवांची कुरकुर

सहावा अध्याय फक्त सात वचनांपुरता वाचला तरी मंडळी चालवणाऱ्या कुणालाही त्यात आपले लोक दिसतील. शिष्यांची संख्या वाढत होती आणि नेमकी तेव्हाच कुरकुर सुरू झाली. ग्रीक बोलणारे हेल्लेणी यहूदी म्हणू लागले की रोजच्या वाटणीत आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. स्थानिक, इब्री गटाच्या विधवांना मिळतं, आमच्यांना मिळत नाही. बाहेरून येऊन यरुशलेमात राहिलेल्या, नवरा गेलेल्या, जवळचे नातेवाईक नसलेल्या या बायका असाव्यात. त्यांच्यासाठी रोजची वाटणी म्हणजे रोजचं जेवण.

बारा प्रेषित काय करत नाहीत, तेही पाहण्यासारखं आहे. ‘आत्मिक लोकांनी कुरकुर करू नये’ असं ते म्हणत नाहीत. तक्रार कोणी केली याची चौकशी करत नाहीत. सगळ्या शिष्यांना एकत्र बोलावतात आणि आपल्याला हे सगळं पेलत नाही हे उघड मान्य करतात. वचनाची सेवा सोडून पंक्तिसेवेत अडकणं ठीक नाही, तेव्हा चांगल्या नावाचे, आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण असे सात पुरुष तुम्हीच निवडा, आम्ही त्यांना नेमू. मंडळी निवडते: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा नीकलाव. सातही नावं ग्रीक आहेत, आणि नीकलाव तर जन्माने यहूदीही नव्हता, नंतर यहूदी झालेला. नावांवरून दिसतं ते असं, की बहुसंख्य गटाने वाटणीचा कारभार तक्रार करणाऱ्यांच्या बाजूच्या माणसांच्या हाती दिला. समिती नेमून तिच्यात त्यांचा एक प्रतिनिधी घेणं सोपं होतं. ते तिथे थांबले नाहीत.

या उताऱ्याचा एक गैरवापर मात्र थांबवायला हवा. ‘पाळकाने फक्त वचन सांगावं, ताटं वाढणं खालच्या लोकांचं काम’ असा अर्थ यातून काढला जातो. लूक स्वतःच तो पुढच्या पानावर खोडून काढतो. पंक्तीसाठी नेमलेला स्तेफन सातव्या अध्यायात या पुस्तकातलं सर्वांत लांब भाषण करतो आणि त्यासाठी जीव देतो. फिलिप्प शोमरोनात सुवार्ता सांगतो, मग गज्जाच्या वाटेवर कूशी अधिकाऱ्याच्या रथात चढून यशयाचा उतारा उलगडून सांगतो. कामं वाटली होती, माणसांना कप्प्यांत टाकलं नव्हतं. वाढायला उभं राहिलेल्यांसाठीही ‘आत्म्याने पूर्ण’ ही अट होती, हेही विसरू नये.

याकोब गेला, पेत्र सुटला

प्रार्थनेवर बोलताना बारावा अध्याय हमखास निघतो. पेत्र तुरुंगात, चार-चार शिपायांच्या चार तुकड्या पहाऱ्यावर, दोन साखळ्यांनी बांधून दोन शिपायांच्या मध्ये निजवलेला. मंडळी एकाग्रतेने प्रार्थना करते, देवदूत येतो, साखळ्या गळून पडतात, लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो. पेत्र मरियेच्या घरी येऊन दार ठोठावतो. रुदा नावाची दासी आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते. ज्याच्यासाठी आत सगळे प्रार्थना करत आहेत तो दारात उभा आहे, आणि ते तिला म्हणतात, तुला वेड लागलं आहे! पेत्र बिचारा बाहेर ठोठावतच राहतो.

इतकं सुंदर चित्र आहे की त्याच अध्यायाचं दुसरं वचन नजरेतून सुटतं. हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारलं. लूकने बारांपैकी एकाचं मरण एवढ्या एका वाक्यात सांगितलं आहे. याकोबासाठी मंडळीने कमी प्रार्थना केली, त्याचा विश्वास कमी पडला, असा एक शब्दही तिथे नाही. एकाच राजाच्या हातात, एकाच मोसमात, दोन प्रेषित सापडले. एकाचा वध झाला, दुसरा चालत बाहेर आला.

‘खूप प्रार्थना केली की सुटका होतेच’ असा धडा या गोष्टीतून शिकवणारा माणूस, मुलाच्या आजारपणात रात्रंदिवस गुडघ्यांवर राहून शेवटी ते मूल गमावलेल्या आईवर दुसरा घाव घालतो. लूकने असं काही लिहिलेलं नाही. त्याने याकोब आणि पेत्र एकाच पानावर ठेवले, दोघांपैकी कुणाचंही स्पष्टीकरण दिलं नाही, आणि मंडळी प्रार्थना करत होती एवढं नोंदवलं. त्या रात्री मरियेच्या घरी जमलेल्यांना याकोबाचं काय झालं हे माहीत होतं. तरी ते जमले. या अध्यायातून घ्यायचं असेल तर ते घ्यावं. शिवाय त्यांचा विश्वास इतका तोकडा होता की उत्तर दारात आलं तरी पटेना, आणि देवाने तेवढ्यावरही काम केलं.

अशीच काळजी गमलिएलाच्या प्रसिद्ध सल्ल्याबाबत घ्यावी. पाचव्या अध्यायात तो न्यायसभेला सांगतो की हे माणसांचं असेल तर नष्ट होईल, देवाचं असेल तर तुम्हाला मोडता येणार नाही. त्या दिवशी या सल्ल्याने प्रेषितांचा जीव वाचला, पण तो फटके मारूनच सोडणाऱ्या सभेतल्या एका शास्त्र्याचा सल्ला होता. जे टिकतं ते सगळं देवाचं असतं असा नियम त्यातून केला, तर मोठ्या आणि गर्दी खेचणाऱ्या प्रत्येक चुकीच्या शिकवणीला प्रमाणपत्र मिळेल.

ज्याने दर्शन पाहिलं तोच मागे सरला

यापोला, समुद्राकाठी शिमोन चांभाराच्या घराच्या धाब्यावर पेत्राला तीनदा तेच दर्शन झालं: देवाने शुद्ध केलेलं तू निषिद्ध म्हणू नकोस. मग तो कैसरियाला कर्नेल्याच्या घरात गेला. परत यरुशलेमात आल्यावर त्याला जाब विचारण्यात आला की सुंता न झालेल्यांबरोबर तू जेवलास कसा? त्याने ‘मी प्रेषित आहे’ म्हणून दटावलं नाही, सगळं पहिल्यापासून क्रमवार सांगितलं.

पंधराव्या अध्यायात, साधारण इ.स. ४९च्या सुमारास, हाच प्रश्न पूर्ण मंडळीपुढे आला: परराष्ट्रीयांनी, म्हणजे यहूदी नसलेल्यांनी, तारणासाठी सुंता करून घ्यायला हवी का? बराच वाद झाला. पेत्राने अनुभव सांगितला, बर्णबा आणि पौलाने आपल्या प्रवासात देवाने काय केलं ते सांगितलं, सभा ऐकत राहिली. मग याकोबाने (हा दुसरा, येशूचा भाऊ) हे आमोस संदेष्ट्याच्या वचनाशी जुळतं हे दाखवलं. अनुभव, शास्त्र आणि एकमेकांचं ऐकून घेणं हे तिन्ही तिथे हजर होतं. सुंतेची अट गेली. मूर्तींना वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेला प्राणी आणि व्यभिचार टाळावेत एवढंच पत्रात लिहिलं.

त्या पत्रातली जेवणाची बंधनं आज बहुतेक ख्रिस्ती माणसं पाळत नाहीत, आणि ‘मग आपण आज्ञा मोडतो का’ हा प्रश्न रास्त आहे. कारण पाहिलं तर उत्तर मिळतं. दोन वेगळ्या सवयींच्या लोकांना एका मेजावर बसायचं होतं. नैतिक आज्ञा कायमची आहे, हे बाकीचा नवा करार स्पष्ट सांगतो. जेवणाबद्दल मात्र पौल करिंथकरांना लिहितो की बाजारात विकतात ते मांस काही न विचारता खा, पण समोरच्याने ‘हे मूर्तीला वाहिलेलं आहे’ असं सांगितलं तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका. नियमामागचं कारण त्याने धरून ठेवलं: माझ्या मोकळीकीने भावाला अडखळण होऊ नये.

इथवर वाचलं की वाटतं, प्रश्न सुटला. गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय उघडला की कळतं, सुटला नव्हता. पेत्र अंत्युखियात परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता, पण याकोबाकडून काही माणसं येताच तो मागे सरला, वेगळा बसू लागला. दर्शन पाहिलेला, कर्नेल्याच्या घरी उतरलेला पेत्र! त्याच्यामागे बर्णबाही वाहवत गेला, आणि पौलाने पेत्राला सगळ्यांसमोर तोंडावर सांगितलं. लूक हा प्रसंग देत नाही. दोन्ही पुस्तकं मिळून जे सांगतात ते एका पुस्तकात सापडत नाही: मोठं दर्शन मिळालेला माणूसही जेवणाच्या मेजावर, ओळखीच्या लोकांच्या नजरेला घाबरून, जुन्या जागी परत जाऊ शकतो.

बर्णबा आणि पौल यांच्या भांडणाचंही तसंच. पंफुल्यातून अर्ध्यावर परत गेलेल्या मार्काला पुन्हा न्यायचं की नाही यावरून दोघांत इतकी कडाक्याची वादावादी झाली की ते वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला, पौल सीलाला घेऊन सूरिया-किलिकियाकडे. बरोबर कोण, लूक सांगत नाही, म्हणून प्रत्येक वाचक आपल्या स्वभावाचा माणूस निवडतो आणि त्याला न्याय देतो. काही जण तर मंडळी फुटण्याचं समर्थनच इथून काढतात, एकाच्या दोन टोळ्या झाल्या, काम दुप्पट झालं म्हणून. पुढचा भाग पौलाच्या पत्रांत आहे. कलस्सैकरांना तो लिहितो की मार्क आला तर त्याचं स्वागत करा. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी तो मार्काला घेऊन ये म्हणतो, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे.

म्हणून अभ्यासगटात ‘कृत्ये’ घेताना पत्रं शेजारी उघडी ठेवावीत. पंधराव्याबरोबर गलतीकरांचा दुसरा अध्याय, सोळाव्यातल्या लुदिया आणि तुरुंगाच्या नायकाबरोबर फिलिप्पैकरांस पत्र, अठराव्याबरोबर करिंथकरांस पहिलं पत्र. अठराव्यात पौल करिंथात दीड वर्ष राहून शिकवतो आणि लूक ते थोड्या वचनांत आटोपतो. त्याच मंडळीत पुढे गट पडले, कोर्टकचेऱ्या झाल्या, प्रभुभोजनात काही जण भुकेले राहिले, हे पत्रातून कळतं. पहिली मंडळी म्हणजे आदर्श मंडळी, असं मनात धरून गोष्टी वाचणाऱ्याने सुरुवात या जोडीपासून करावी.